बूस्टरचा मुहूर्त

सगळ्यात आधी, घाई करू नका. घाई केली की काय होतं ते हाफकिन या शास्त्रज्ञाचं बघा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, हा गृहस्थ काही महिन्यांत लस करून मोकळा झाला आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून बसला. पंचांग पाहिलं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं नाही. ताप यायचा तो आलाच.

बरोबर सव्वाशे वर्षांनी, १० जानेवारी २०२२ ला, आपल्याकडे कोविडचा तिसरा डोस सुरू झाला. सरकारी नाव प्रिकॉशन डोस, पण बूस्टर म्हटल्याशिवाय कोणाला कळेना. १० एप्रिलला अठरापुढच्या सगळ्यांसाठी तो खासगी केंद्रांत आला. लशीचे २२५, टोचणावळ जास्तीत जास्त १५०. तुम्ही अगदी रास्त प्रश्न विचारलात, 'पहिले दोन फुकट होते ना?' आणि थांबलात.

बरं केलंत. १५ जुलै ते ३० सप्टेंबर तो सरकारी केंद्रांत फुकट झाला. पण फुकट देतायत म्हणजे पाणी मुरतंयच कुठेतरी! मुदत संपत आलेला माल असणार. २०२१ च्या मेमध्ये याच मालाच्या टोकनसाठी तुम्ही भल्या पहाटे रांगेत चप्पल ठेवली होतीत, ती गोष्ट वेगळी. तेव्हा तो मिळत नव्हता. शिवाय दोन डोसांवर लोकलचा पास मिळाला, तिसऱ्यावाचून काहीच अडेना. ज्याच्यावाचून पास अडत नाही ते औषध कसलं?

डॉक्टरांना विचारू नका. ते 'घ्या' म्हणतात आणि विषयच संपतो. मेव्हण्याला विचारा. तो 'काय एवढे आत गेलेत ना दोन? बास की!' म्हणेल, आणि निदान चहा तरी होईल.

आजीला मात्र रिक्षा करून केंद्रावर न्या. नर्सबाईंनी 'तुमचं काय?' विचारलं तर 'मी फक्त सोडायला आलोय' म्हणा. (पायात गंजका खिळा गेला की मात्र रात्री अकराला कंपाउंडरला उठवून धनुर्वाताचं घ्यायचं. मागचं कधी घेतलं, आत काय असतं, कंपनी कुठली, असलं काही विचारायचं नसतं. खिळा दिसतो. विषाणू कोणी पाहिलाय?)

आता तारीख. जुलैअखेर गटारी, त्याआधी सुई टोचून घेणं म्हणजे स्वतःहून पथ्य ओढवून घेणं. मग श्रावण, त्यात रोज काहीतरी असतंच. ३१ ऑगस्टला गणपती, आणि उकडीचे मोदक समोर असताना कण्हत पडायची हौस कोणाला आहे? ९ सप्टेंबरला विसर्जन, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. पंधरा दिवस नवा रुमालसुद्धा घेत नाही आपण, नवा डोस कसा घेणार? २६ ला घट बसले. उपवासात रिकाम्यापोटी इंजेक्शन नको. तेव्हा दसरा नक्की करा, ५ ऑक्टोबर. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, विचारायलाच नको.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून, झेंडूचं तोरण लावून तुम्ही केंद्रावर पोचलात. फुकटची मोहीम पाच दिवसांपूर्वीच आटोपली होती. खासगीत जा म्हणाले, पैसे पडतील. आणि तुम्ही, तिथेच दारात उभं राहून, पुन्हा तोच रास्त प्रश्न विचारलात.

'पहिले दोन फुकट होते ना?'