सरायीतली दहा नाणी

स्कायरिम हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा पूर्ण केला तेव्हा त्यातल्या एकाही सरायीत मी रात्र काढली नव्हती. दहा नाण्यांत खोली मिळते, पण घ्यायची कशाला? झोपून उठलं की कौशल्यं वाढायचा वेग थोडा वाढतो, बस्स. जेवणाची गत तीच. ड्रॅगन समोर आग ओकतोय, आपण मेनू उघडायचा, सगळं जग जागच्या जागी थिजतं, मग चीजचे वीस गोळे एकापाठोपाठ एक गिळायचे आणि पुन्हा लढायला उभं राहायचं. वेशीबाहेर गाडीवान ताटकळत बसलेले असतात. त्यांची गरज नव्या शहरात जाताना एकदाच. पुढे नकाशावर बोट ठेवलं की पोहोचलोच.

मग तोच गेम सर्व्हायव्हल मोड, म्हणजे थंडी, भूक, थकवा सांभाळत जगायचे कडक नियम, लावून पुन्हा सुरू केला. गेम २०११ चा, हा मोड २०१७ मधला. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर बोट ठेवून पोहोचणं, बंद. जखमा आपोआप भरत नाहीत. थंडी आरोग्य खाते, भूक स्टॅमिना (दम) खाते, थकवा मॅजिका (जादूची ताकद) खातो. लेव्हल वाढवायची तर बिछान्यावर झोपावंच लागतं.

विंटरहोल्ड गावाच्या वाटेवर बर्फाच्या वादळात सापडलो, आणि या गेममध्ये पहिल्यांदाच उजेडासाठी नाही तर उबेसाठी मशाल पेटवली. मशाल डाव्या हातात धरायची म्हणजे ढाल ठेवून द्यायची. पुढे लांडगे आले तर? एवढा साधा प्रश्न, पण आधीच्या शेकडो तासांत तो मला पडलाच नव्हता. शेवटी फ्रोझन हर्थ या सरायीचं दार दिसलं. आत चूल पेटलेली. दहा नाणी दिली, सूप घेतलं, झोपलो. ही सराय पहिल्यापासून इथेच होती, चूलही होती. मीच कधी आत गेलो नव्हतो.

म्हणून 'सर्व्हायव्हल मोड म्हणजे नुसती कटकट' असं कुणी म्हटलं की मी भांडतो. या मोडने नवीन फारसं काही आणलेलंच नाही. फरचे कपडे, शेकोट्या, सूप, घोडागाड्या, सगळं कुणीतरी मेहनतीने बनवून ठेवलेलं होतं. इतकी वर्षं ते सजावट म्हणून पडून होतं, आता त्याला काम मिळालं.

फॉलआउट ४ या दुसऱ्या गेममध्ये तर हे जास्तच जाणवतं. त्यात वस्त्या बांधता येतात, आणि साध्या मोडमध्ये तो बाहुलीघराचा खेळ वाटतो. २०१६ मध्ये त्याचा सर्व्हायव्हल मोड नव्याने आला आणि झोपल्याशिवाय सेव्ह होईना. (पहिल्याच आठवड्यात, पलंगापासून चार पावलांवर, मीच टाकलेल्या ग्रेनेडने मेलो. दीड तास पाण्यात. दोष पूर्ण माझा.) त्यानंतर मी वस्त्या सजवणं सोडलं आणि नकाशावर अंतर मोजून बांधायला लागलो: इथे पलंग, पाण्याचा पंप, थोडी शेती. चौकी म्हणायची ती अशी.

सगळीकडे हे जमतंच असं नाही. फॉलआउट मालिकेतल्याच न्यू व्हेगास या गेमच्या हार्डकोर मोडमध्ये (तिथला सर्व्हायव्हल मोडच) तहान-भुकेने मला कधी घाम फोडला नाही. खाणंपिणं मुबलक सापडतं, त्यामुळे तहान-भूक दाखवणारे ते मीटर म्हणजे निव्वळ हिशेब. पण गोळ्यांना वजन आलं ना, तिथे खरी गंमत. चार बंदुका आणि चारही प्रकारच्या गोळ्या पाठीवर घेऊन फिरणं बंद झालं. निघण्यापूर्वी ठरवावं लागतं की आज कुणाशी गाठ पडेल. एका नियमाने शस्त्रांच्या अख्ख्या यादीला अर्थ येतो आणि दुसरा नियम नुसता दर थोड्या वेळाने बटण दाबायला लावतो. ज्या मीटरमुळे माझा एकही निर्णय बदलत नाही, तो काढून टाकलेला बरा.

'नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याने एवढं चालायचं कधी?' हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कुणाचीतरी तलवार नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या गुहेतून आणून द्या, अशी कामं फास्ट ट्रॅव्हल आहे असं धरूनच लिहिलेली असतात. ती पायी करणं ही शिक्षाच. मी ती आता सरळ टाळतो, किंवा त्याच दिशेचं दुसरं काही निघेपर्यंत राखून ठेवतो. परवा एकाच फेरीत तीन कामं उरकायची म्हणून कागदावर मार्ग काढत बसलो होतो.

सध्या पात्र विंटरहोल्डमध्येच आहे. बाहेर वादळ, पिशवीत दोन मशाली, आणि विंडहेल्म शहरापर्यंत पायीच जायचंय, कारण या गावात गाडी मिळत नाही.