सकाळी हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो?

चुलतबहिणीच्या लग्नात कासारीण बांगड्या भरायला बसली आणि आईच्या हातात तिची नेहमीची दोन-चारची बांगडी चढेना. साबण लावून झाला, प्लास्टिकची पिशवी चढवून झाली. मूठ वळली की जी हाडं वर येतात, तिथे दोन्ही हातांना सूज होती. "लग्नाचं काम पडलंय, सुजणारच," सगळ्याजणी म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. त्यानंतर आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान व्हायला चौदा महिने लागले.

त्या चौदा महिन्यांत काय नाही केलं! दुखणं थांबवायच्या गोळ्या. हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे, तो नॉर्मल, म्हणून कॅल्शियम. निर्गुडीच्या पाल्याचा शेक. आंबट बंद, वांगं बंद. मग कुणीतरी वातावरची पुडी आणून दिली. दोन दिवसांत आई चालायला लागली आणि आम्ही सगळे हरखलो. महिन्याभरात तिचा चेहरा गोल झाला, पुडी चुकली की दुखणं दुप्पट. पुढे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या आजारांच्या तज्ज्ञांनी, हे ऐकताच स्टेरॉइडची शंका घेतली. अशी पुडी कुणाकडे चालू असेल तर एकदम बंदही करू नका, त्यानेही धोका होतो. ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुण्यातल्या त्या डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधी विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यावर हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो?" आई म्हणाली, "दहा वाजतात. म्हणून तर भाकऱ्या आता सून थापते." चौदा महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. आम्ही घरच्यांनीही नाही, आणि मला त्याचंच जास्त लागतं.

कारण फरक तिथेच कळतो. झिजलेला गुडघा बसून उठताना आखडतो, पण थोड्या वेळात सुटतो, आणि वापरला की जास्त दुखतो. आमवातात उलटं असतं. रात्रभर विश्रांती घेतली की सांधे आखडतात, अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त, आणि हालचाल केली की सैल होतात. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजतं आणि हळूहळू हाड कुरतडतं. एक्स-रेत हे उशिरा दिसतं. म्हणजे सुरुवातीचा नॉर्मल एक्स-रे पाहून घरी बसायचं नसतं, उलट सांधे वाचवायची हीच वेळ असते. रक्ताच्या रिपोर्टवरच्या 'आरए फॅक्टर निगेटिव्ह' या शब्दांवरही विसंबू नका, ही आमवातासाठीची रक्ततपासणी. आमवात असलेल्या दर चार-पाच जणांत एकाचा तो निगेटिव्ह येतो, आणि निरोगी माणसाचा कधी पॉझिटिव्हही येतो.

हाडांच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. मोडलेलं आणि झिजलेलं त्यांनीच बघायचं. पण सूज, सकाळचा आखडलेपणा, हातापायांचे लहान सांधे, यांतलं काहीही असेल तर 'ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे चिठ्ठी द्या' असं स्वतः म्हणा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या युलार या संघटनेची शिफारस आहे की सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने बघावं आणि आजार टिकणारा वाटला तर तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावं. आम्ही चौदा महिने घालवले.

आणि हे फक्त आईच्या वयाचं दुखणं नाही. पंचविशीतला मुलगा पहाटे कंबरदुखीने उठतो, फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, असं तीन महिने चाललंय? त्यालाही दाखवा. सोरायसिस आहे आणि बोट सुजलंय, तोंडात फोड येतात आणि उन्हाने गालावर चट्टे उठतात, चिकनगुनिया होऊन तीन महिने झाले तरी सूज हटत नाही, तेव्हाही. मात्र एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला मेथोट्रेक्सेट सुरू झालं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते कॅन्सरचं औषध!" कॅन्सरमध्ये ते फार मोठ्या डोसने देतात. आमवातात डोस छोटा असतो, आणि आठवड्यातून एकदाच. हे चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल आहे. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरलेल्या रक्ततपासण्या. बाळाचा विचार असलेल्या मुलींनी मात्र हे डॉक्टरांना आधीच सांगायचं, गरोदरपणात हे औषध चालत नाही. तीन महिन्यांत आईची सूज उतरली. भाकरी पुन्हा थापते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र सरळ होत नाहीत, आणि बांगडी आता दोन-आठची लागते.

जिल्ह्याच्या गावी हे डॉक्टर सहसा मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. पहिली खेप शहरात करा, रक्ततपासण्या गावात होतात. जाण्याआधी एक करा. सकाळी उठल्या उठल्या सुजलेल्या हातांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुपारी तुमचा नंबर लागेपर्यंत सूज बरीच ओसरलेली असते.