ब्रश की झाडू? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

कोल्हापुरातल्या पंचगंगेच्या घाटावरच्या प्लास्टिकमधून आमच्या शाळेतल्या मुलांनी सात फुटी कासव केलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसानं एवढा वेळ काढून लिहिलं, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला बरं वाटेना. बाकीच्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. पंचगंगेचा कचरा कोकणच्या समुद्रात जातो हे माझं वाक्य साफ चूक. समुद्रात ‘प्लास्टिकचं बेट’ तरंगतं ही ऐकीव गोष्ट मी तपासल्याशिवाय लिहिली. मेलेल्या पक्ष्यांचे फोटो दाखवून मुलांना रडवणं हे शास्त्र नव्हे. ते कासव उद्या स्वतःच कचरा होणार. आणि शेवटचं वाक्य, जे मला लागलं: ‘चित्रकलेनं समुद्र साफ होत नाही, मुलांच्या हातात ब्रशऐवजी झाडू द्या.’

पहिली चूक शंभर टक्के माझी. कोकणचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्री उभा आहे आणि आपली नदी त्याच्याकडे पाठ करून वाहते. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या घाटावरच्या पिशवीला समुद्र गाठायला हजारेक किलोमीटर जावं लागतं. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं आणि विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण या चुकीतून तुम्ही काढलेला निष्कर्ष, ‘म्हणजे कोल्हापूरचा समुद्राशी संबंध नाही’, मला मान्य नाही. २०१७ साली एक अभ्यास गाजला होता. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी बहुतेक सगळं फक्त दहा नद्यांतून जातं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी ते उचललं, मीसुद्धा वर्गात सांगितलं. २०२१ साली जास्त बारकाईनं केलेला हिशेब आला आणि चित्र पालटलं. ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून जास्त नद्यांतून येतं आणि त्यात शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. त्याच हिशेबात असंही आहे की समुद्र जितका लांब, तितकी पिशवी तिथे पोचण्याची शक्यता कमी. म्हणजे आपलं बरंचसं प्लास्टिक समुद्रात जात नाही, हे तुमचं खरं. मग ते जातं कुठे? काठावर, बंधाऱ्याच्या गाळात, मळीच्या रानात. २०१९ चा पूर ओसरल्यावर झाडांच्या शेंड्यांना लटकलेल्या पिशव्या तुम्हीही पाहिल्या असतील.

पुराचा विषय निघाला म्हणून सांगते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांचा गाळ शास्त्रज्ञांनी तपासला, २०१५-१६ च्या हिवाळ्यातल्या पुराआधी आणि पुरानंतर. नदीच्या तळाशी साठलेल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी (म्हणजे पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांपैकी) सुमारे ७० टक्के त्या पुरात धुऊन गेलं होतं. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि तीही पंचगंगेच्याच काठावर. पूर आला की आपण सगळे अलमट्टीच्या विसर्गाचे आकडे बघत बसतो. त्या क्युसेकमध्ये पाण्याबरोबर आणखी काय पुढे जातं, याचं चित्र मला काढायचं आहे आणि ते कसं काढावं हे अजून सुचलेलं नाही.

‘बेटा’बद्दलही तुमचं बरोबर. ज्याला बेट म्हणतात तो उत्तर पॅसिफिक महासागरातला पट्टा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा, आणि त्यात तरंगणारं प्लास्टिक सुमारे ७९ हजार टन. भागून बघितलं तर एका चौरस किलोमीटरला पन्नास किलो येतं, सिमेंटचं एक पोतं. त्यावर कुणी उभं राहू शकत नाही. वजनानं त्यातला जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा, आणि संख्येनं बघाल तर बहुतेक तुकडे पाच मिलिमीटरहून लहान. ‘बेट’ हे चित्र खोटं होतं आणि खोटं चित्र नुकसान करतं, कारण बेट असेल तर ते उचलता येईल असं वाटतं. पण सर, खोटं चित्र बदलायला खरं चित्रच लागतं. मँडी बार्कर ही ब्रिटिश छायाचित्रकार समुद्रातून आलेले तुकडे काळ्याभोर पार्श्वभूमीवर असे मांडते की ते अंधारात, वेगवेगळ्या खोलीवर तरंगताना दिसतात. तिच्या त्या मालिकेचं नाव ‘सूप’. सोळा लाख चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेली पोती मला आकड्यांतून दिसली नव्हती, तिथे दिसली.

पक्ष्यांच्या फोटोंवर मात्र मी माघार घेणार नाही. ख्रिस जॉर्डन या अमेरिकन छायाचित्रकारानं २००९ साली पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांचे फोटो काढले. पिसं आणि हाडं मातीला मिळालेली, पोटाच्या जागी टोपणं आणि लायटर जसेच्या तसे. सहावीच्या वर्गात ते दाखवल्यावर दोन मुली रडल्या, हे मीच लिहिलं होतं. त्यानंतर एका मुलानं विचारलं, ‘बाई, पक्ष्याला वास येत नाही का?’ हे मी लेखात लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. कारण २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जवळपास हाच प्रश्न विचारला. त्यांनी प्लास्टिकचे मणी तीन आठवडे समुद्रात ठेवले आणि मग तपासले. त्यांवर शेवाळ धरलं होतं आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड या गंधकाच्या संयुगाचा वास येत होता. खाणं कुठे आहे हे काही समुद्री पक्षी याच वासावरून ओळखतात, आणि जे ओळखतात त्यांच्या पोटात प्लास्टिक जाण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या जवळपास सहापट निघालं. पक्ष्याला वास येतो, आणि तोच त्याला फसवतो. त्या फोटोसमोर थांबला नसता तर त्या मुलाला हा प्रश्न सुचला असता का, सर? मला नाही वाटत.

आता त्या झाडूच्या वाक्याकडे येते. हवाईमध्ये कामिलो नावाचा किनारा आहे. समुद्राचे प्रवाह तिथे ढिगानं प्लास्टिक आणून टाकतात. २००६ च्या सुमारास समुद्रातल्या प्लास्टिकचा अभ्यास करणारे चार्ल्स मूर यांना तिथे विचित्र गोळे दिसले, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये काळा बेसॉल्ट, वाळू, पोवळ्याचे तुकडे आणि लाकूड अडकलेले. ज्वालामुखीच्या लाव्हानं प्लास्टिक वितळलं असेल, अशी शंका होती. पॅट्रिशिया कॉरकोरन या भूशास्त्रज्ञ आणि केली जॅझवॅक या चित्र-शिल्पकार दोघी मिळून तिथे गेल्या, आणि कारण साधं निघालं. लोकांनी किनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोट्या. २०१४ साली अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात शोधनिबंध आला, लेखक तिघं: कॉरकोरन, मूर आणि जॅझवॅक. त्या दगडाला त्यांनी नाव दिलं प्लास्टिग्लोमरेट. दगड अडकल्यानं तो जड होतो, वाऱ्यापाण्यानं वाहून जाण्याऐवजी गाडला जातो आणि थरात टिकू शकतो, म्हणून माणसाच्या काळाची खूण म्हणून भूशास्त्रज्ञ त्याच्याकडे बघतात. तेच गोळे, काहीही न बदलता, जॅझवॅक यांनी कलादालनात मांडले. ती वस्तू प्रयोगशाळेत नमुना होती आणि दालनात शिल्प, आणि दोन्हीकडे खरीच होती. एका कलावंताचं नाव त्या शास्त्रीय निबंधावर शोभेसाठी आलेलं नाही, ती बघायला गेली होती म्हणून आलं आहे.

झाडू मारणाऱ्याला तो गोळा कचरा म्हणूनच उचलावा लागतो. मीही घाटावर झाडू मारते, मुलंही मारतात, आणि ते थांबणार नाही. पण गोळा केलेल्यातली एकेक वस्तू मी मुलांना तासभर समोर ठेवून काढायला लावते. एका मुलीनं पांढऱ्या डब्याचा तुकडा काढताना लिहिलं, ‘उन्हाकडची बाजू पिवळी, बोटानं दाबली की भुगा होतो.’ प्लास्टिक सूक्ष्म प्लास्टिक कसं होतं, हे मी शिकवायच्या आधी तिनं पेन्सिलनं टिपलं होतं. मग आम्ही बादली आणली. बाटलीचे तुकडे बुडाले आणि तिचंच टोपण तरंगलं. अल्बाट्रॉसच्या पोटात टोपणं का सापडतात, हे मला सांगावं लागलं नाही.

कासवाबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. आम्ही त्यावर फेविकॉल आणि ऑइलपेंट वापरला. आता ते भंगारवाल्याच्याही उपयोगाचं नाही. पुढच्या वेळी फक्त तारेनं बांधायचं, रंग द्यायचा नाही आणि प्रदर्शन झालं की सोडवून, वेगवेगळं करून कचरा वेचणाऱ्या मावशींकडे द्यायचं, असं मुलांनी ठरवलं आहे.

आणखी एक. घाटामागे जिथे कचरा पेटवतात, तिथे गेल्या महिन्यात मुलांना नारळाएवढा गोळा सापडला. हिरवं वितळलेलं प्लास्टिक, त्यात आपल्याच काळ्या दगडाची खडी, राख आणि न जळालेल्या सुतळीचा तुकडा. बादलीत टाकला की तळाशी जातो. त्याच्या शेजारी ठेवायच्या चिठ्ठीवर मुलांनी ‘सापडल्याची जागा’ आणि ‘तारीख’ भरली आहे. ‘कोणतं प्लास्टिक’ ही ओळ कोरी आहे, कारण ते मला ओळखता येत नाही. खडीतून प्लास्टिकचे एक-दोन कपचे सोडवून ठेवले आहेत. साध्या पाण्यात आणि खारवलेल्या पाण्यात टाकून काही अंदाज येतो, एवढंच मी वाचलं आहे. तुम्हाला नक्की जमेल. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, साडेदहाला सुटते. बादल्या दोन आहेत, मीठ मी आणते.