टिळकांचं नाव कसं सुटलं?

'सुवार्तिक ख्रिस्ती विचाराला स्थानिक संस्कृतीचं वावडंच आहे' हे ख्रिस्ती धर्म आणि स्थानिक संस्कृती यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. (सुवार्तिक म्हणजे इव्हँजेलिकल, सुवार्तेच्या म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या प्रसारावर भर देणारे.) १९७४ च्या लोझान करारात, म्हणजे जगभरच्या सुवार्तिक ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या जाहीरनाम्यात, संस्कृतीवर स्वतंत्र कलम आहे. प्रत्येक संस्कृती बायबलच्या कसोटीवर घासून बघा, असं ते म्हणतं खरं. पण तिच्यात सौंदर्य आणि चांगुलपणा आहे हेही मान्य करतं, आणि मिशनांनी सुवार्तेबरोबर परकी संस्कृतीही आणली याची कबुली देतं. शिवाय मराठीत या विषयावर लिहायचं आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं नावही घ्यायचं नाही? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांतूनच केली.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत, पण घरी दिवेलागणीला आजी टाळ घेऊन टिळकांची पदं म्हणायची. गीतांच्या पुस्तकाचा पुठ्ठा निखळलेला, पानांवर तेलाचे डाग, टाळ मात्र चिंचेने घासून लख्ख. एकदा घरच्या प्रार्थनेला आलेले एक पाळक म्हणाले, "आजी, टाळ नको, ते देवळातलं." ती काहीच बोलली नाही. टाळ फडक्यात गुंडाळून तिने ट्रंकेत ठेवले. मला ते अजून खुपतं, त्यामुळे लेखकाचा राग मी समजू शकते. पण त्या पाळकांना टिळक कोणी शिकवलेच नव्हते. ते टाळ आता माझ्याकडे आहेत, आणि दर नाताळला वाजतात.