टिळकांच्या कवितेतला 'प्रभु पिता'

शाळेत रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता पाठ केलेल्यांना घायाळ पक्षिणीचे शेवटचे बोल आठवत असतील. पिल्लांसाठी आणलेला 'अंतिचा कवळ' भरवताना ती म्हणते, 'करी जतन यापुढे प्रभु पिता अनाथां सदा!' आमच्या बाईंनी पृथ्वी वृत्ताचे गण फळ्यावर मांडले, करुणरस समजावला. 'प्रभु पिता' या दोन शब्दांपाशी मात्र कोणी थांबले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आपण अशीच वाटणी करून टाकली आहे. 'फुलामुलांचे कवी' पाठ्यपुस्तकाच्या वाट्याला आले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरला मिशनचे काम करणारे टिळक चर्चच्या. ही वाटणी मला मान्य नाही. अनाथांचा पिता ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याची आहे, पण ती तुकोबांच्या वाचकालाही परकी वाटत नाही, आणि टिळकांची कविता नेमकी या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. धर्म बदलला तरी आळवणीची भाषा त्यांनी बदलली नाही. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना त्यांनी अभंग आणि भजने दिली, कीर्तन दिले. ख्रिस्ताला ते 'माउली' म्हणतात तेव्हा तो शब्द आणून चिकटवलेला वाटत नाही, कारण रुसण्याचा, हट्ट धरण्याचा जो हक्क मराठी भक्ताने विठ्ठलापाशी बजावला, तोच ते येशूपाशी मागतात.

त्यांचे सगळेच लेखन या उंचीचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. उपदेशक कवीच्या पुढे धावतो तिथे ओळी कोरड्या पडतात. 'अभंगांजली' या त्यांच्या अभंगसंग्रहातही, जिथे ते कोणाला काही पटवून देत नसून केवळ देवाशी बोलत आहेत, तिथेच मी पुन्हा पुन्हा परततो.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचे काव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले. १९१९ साली ते गेले आणि उरलेले काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या याच त्या लक्ष्मीबाई!