स्वयंभू देवाचे निमंत्रण आल्यास घ्यावयाची काळजी

सुमारे तीन दशके कोणाच्याही दृष्टीस न पडलेल्या एखाद्या महान गायकाने आपला नवा अल्बम ऐकवण्यासाठी निवडक मंडळींना वाळवंटातील आपल्या वास्तूत बोलावले आणि त्या यादीत तुमचे नाव निघाले, तर ताबडतोब होकार कळवावा. इतरांना का बोलावले नाही, हा प्रश्न मनात खुशाल घोळवावा, कारण त्याने झोप चांगली लागते. आपल्यालाच का बोलावले, हा प्रश्न मात्र मनाला शिवू देऊ नये. ‘ओपस’ या २०२५ सालच्या अमेरिकी थरारपटातील एरियल एक्टन ही तरुण पत्रकार नेमका हाच दुसरा प्रश्न उराशी घेऊन युटाच्या वाळवंटात जाते, आणि पुढे तिची जी दुर्दशा होते तिचे मूळ या वाईट खोडीतच आहे, असे माझे नम्र मत आहे.

यजमानाविषयी थोडे सांगणे भाग आहे. आल्फ्रेड मोरेटी हा नव्वदच्या दशकातला पॉप संगीताचा सम्राट असून ती भूमिका जॉन मालकोविच यांनी केली आहे. त्याची गाणी नाइल रॉजर्स आणि द-ड्रीम यांनी रचली आहेत आणि मालकोविच यांनी ती स्वतःच्या गळ्याने गायिली आहेत. दिग्दर्शक मार्क अँथनी ग्रीन यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट असला तरी त्यापूर्वी ते अनेक वर्षे ‘जीक्यू’ या मासिकात होते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या दिवाणखान्यात पत्रकाराचा कणा किती अंशांत वाकतो याचा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागला नसणार. समीक्षकांनी चित्रपटाला बेताचेच गुण दिले. ते साहजिक आहे, कारण त्यातली निमंत्रित मंडळी त्यांच्याच व्यवसायातली आहेत.

पोहोचल्यावर मोबाइल आणि लॅपटॉप काढून घेतले जातील, ते हसतमुखाने द्यावेत. तुमच्या दिमतीला एक सेवक किंवा सेविका नेमली जाईल. ती व्यक्ती दाराबाहेर उभी राहील, तुम्ही धावायला निघालात तर मागोमाग धावेल आणि रात्री उठलात तरी समोरच असेल. याला पाळत म्हणू नये. याला पाहुणचार म्हणतात. त्यानंतर यजमानाच्या इच्छेनुसार तुमच्या अंगावरचे केस काढले जातील. इथे संकोच वाटल्यास बरोबरच्या नामवंत पाहुण्यांकडे पाहावे. ते निमूटपणे तयार झाले आहेत, त्या अर्थी हा वरच्या वर्तुळातला रिवाजच असला पाहिजे, एवढा तर्क पुरेसा आहे. जेवणाच्या टेबलावर एकच पाव हातोहात फिरेल आणि प्रत्येकाने त्याचा एकेक घास तोडायचा असेल. उष्टे म्हणून नाक मुरडू नये. आपल्याकडे प्रसाद म्हटल्यावर आपण कधी हात धुतलेत का, हे विचारत बसतो का?

आवारात फिरताना एका खोलीत काही भक्त बसून शिंपले फोडताना दिसतील. मोती सापडेपर्यंत एकामागून एक शिंपला सुरीने उघडायचा, असे त्यांचे व्रत आहे, आणि त्यात त्यांचे हात रक्तबंबाळ झालेले असतात. एरियल त्या हातांकडे पाहत राहते. तुम्ही मोत्यांकडे पाहावे. कलावंत हा सामान्य माणसांत अवतरलेला देवच होय, असे मोरेटीच्या ‘लेव्हलिस्ट’ पंथाचे तत्त्वज्ञान आहे, आणि देवाच्या गळ्यातला मोती कोणाच्या बोटांतून आला याची चौकशी करणाऱ्याला मोठ्या माणसांच्या मुलाखती पुन्हा मिळत नाहीत.

तुमच्याबरोबर तुमचा संपादकही आला असेल, तर काम अधिकच सोपे होते. चित्रपटातला स्टॅन नावाचा संपादक एरियलला स्पष्टच सांगतो की लेख तो स्वतः लिहील, तिने फक्त टिपणे काढावीत. पाहुण्यांपैकी कोणी दिसेनासा झाला आणि तुम्ही ते बोलून दाखवलेत, तर तुमची कल्पनाशक्ती जरा जास्तच धावते असे तुम्हाला सांगण्यात येईल. संपादक वयाने आणि पगाराने मोठा आहे, त्याचे ऐकावे.

हे सगळे पडद्यावरच घडते, आपण सुशिक्षित माणसे असल्या पंथात सापडत नाही, असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो अवश्य जपावा, कारण त्यांच्यावाचून हा व्यवसाय चालत नाही. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी परिसरात ‘नेक्सियम’ ही संस्था यशस्वी होण्याचे वर्ग चालवत असे. तिचा प्रमुख कीथ रानिएरी याला ‘व्हॅनगार्ड’ म्हणत, शिष्यांच्या पायरीप्रमाणे त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे असत, आणि गुरूच्या वाढदिवसाचा सोहळा एका दिवसात मावत नसल्याने तो आठवडाभर चाले. गुरुजी रात्री व्हॉलीबॉल खेळत तेव्हा पाहायला गर्दी जमे. आतल्या गुप्त मंडळात प्रवेश हवा असलेल्या स्त्रियांना आपली बदनामी होईल अशी छायाचित्रे किंवा पत्रे तारण म्हणून द्यावी लागत, आणि पुढे त्यांच्या अंगावर एक खूण डागली जाई. ती पंचमहाभूतांसारखी काहीतरी खूण आहे असे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात ती गुरूच्या नावाची आद्याक्षरे निघाली. या मंडळात स्त्रिया आणण्याचे काम करणारी ‘स्मॉलव्हिल’ मालिकेतली अभिनेत्री ॲलिसन मॅक हिला २०२१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, तर रानिएरीला त्याआधी २०२० मध्येच १२० वर्षांची. तिथे आलेल्यांत शिकलेली, सवरलेली, पैसेवाली माणसे पुष्कळ होती. अडाण्यांना त्या वर्गांचे शुल्क परवडलेच नसते.

पुणेकरांना तर या विषयात कोणी शिकवायला नको. कोरेगाव पार्कातून निघालेले भगवान रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत ओरेगनला गेले, तिथे शिष्यांनी ओसाड रानावर अख्खे शहर उभारले, आणि भगवान रोल्स रॉइसमधून रोज फेरी काढत तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा शिष्य हात जोडून उभे राहत. अशा गाड्या शेवटी ९३ झाल्या. कारकीर्द ऐन भरात असताना हिंदी चित्रपटसृष्टी सोडून गेलेले विनोद खन्ना तिथे माळीकाम करत. सामान्य माणूस नटाच्या दर्शनाला जातो, नट गुरूच्या बागेला पाणी घालतो. उतरंड सुरेख आहे, फक्त आपले मडके कितवे एवढे पाहू नये.

आपली भक्ती कोणत्या पायरीवर पोहोचली आहे हे ज्यांना शास्त्रोक्त पद्धतीने तपासायचे असेल, त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावलीच तयार केली आहे. पहिल्या पायरीवर माणूस आवडत्या ताऱ्याविषयी मित्रांशी गप्पा मारतो. दुसऱ्यावर तो तारा त्याला आपला जिवाभावाचा वाटू लागतो. तिसरी पायरी विकृतीच्या उंबरठ्यावरची. हाती काही हजार डॉलर आले तर त्या ताऱ्याने वापरलेला कागदी रुमाल किंवा कागदी बशी विकत घेण्याचा विचार कराल का, असे त्यात विचारतात, आणि त्याने एखादे बेकायदा काम सांगितले तर ते बहुधा कराल का, असेही. पहिल्या प्रश्नाला आपण हसू, पण कोलकात्यात अमिताभ बच्चन यांचे मंदिर आहे आणि त्यांनी ‘अग्निपथ’मध्ये घातलेले बूट तिथे पूजेला ठेवलेले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र आसपास कोणी नाही ना, हे पाहून घ्यावे.

चित्रपटाचा शेवट सांगू नये असा संकेत आहे, तरी इथे तो मोडणे आवश्यक आहे, कारण उपयोगाचा सल्ला तिथेच आहे. एरियल वाचते. ती सगळी हकीकत पुस्तकात लिहिते, पुस्तक तडाख्याने खपते, तिला हवे होते ते नाव आणि तो मान दोन्ही मिळतात. मग ती तुरुंगात मोरेटीला भेटायला जाते, तेव्हा कळते की तिला बोलावले होते ते याचसाठी: त्याचा पंथ जगभर पोहोचवण्याचे काम कोणीतरी हुशार, महत्त्वाकांक्षी आणि भक्त नसलेल्या व्यक्तीने करायला हवे होते. भक्ताच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो?

तेव्हा वाचकहो, तुम्हीही सुटून आलात तर पुस्तक जरूर लिहावे. त्यात पंथाची शिकवण शक्य तितकी तपशीलवार द्यावी, म्हणजे लोकांना धोका नीट समजेल. प्रत्येक मुलाखतीत त्याचे नाव घेऊन त्याचा निषेध करावा. आणि मुखपृष्ठावर छायाचित्र त्याचेच छापावे, असा प्रकाशक आग्रह धरतील, तो मोडू नये. तुमचे छापले तर दुसरी आवृत्ती निघणार नाही.