चौथ्या सीटवरचं मँचेस्टर

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे बऱ्याच जणांनी मला मांडीवर डबा, बाटली आणि चष्म्याचं घर मांडून समजावलंय. दर वेळी "अच्छा, म्हणजे असं होय" म्हणून मी सुटका करून घेतो. पण इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबने कुठला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, कोणत्या महिन्यात हाकलला हे मला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन. अर्थात झोपू देतात कुठे? झोपू दिलं असतं तर ही वेळच आली नसती.

सकाळची सीएसएमटी फास्ट. कल्याणलाच भरते, डोंबिवलीकरांनी आत शिरायचं ते निव्वळ जिद्दीवर. आमच्या डब्यात दोन ग्रुप आहेत. एका टोकाला भजनी मंडळ, दुसऱ्या टोकाला युनायटेडवाले. भजनात बसायला जागा हवी तर टाळ तालात वाजवता यायला लागतो, आणि माझ्या तालाबद्दल मंडळाचं मत फारसं बरं नाही. युनायटेडवाल्यांची अट एकच: ऐकून घ्यायचं. म्हणून मी इकडे. जागा म्हणजे चौथी सीट. निम्मं बूड बाकावर, निम्मं अधांतरी, एक पाय पॅसेजमध्ये रोवून बाकीचा देह तोलायचा. या आसनात माणसाला कुणाशीही वाद घालता येत नाही. मान हलवता येते, आणि ती गाडीच हलवते.

ग्रुपमध्ये मुख्य माणसं तीन. बँकवाले काका रिटायरमेंटला टेकलेत आणि १९९९ मध्ये राहतात. पिंट्या परळला कुठल्याशा जाहिरात कंपनीत आहे. युनायटेडने इंग्लंडची लीग शेवटची जिंकली २०१३ साली, तेव्हा पिंट्या चौथीत होता आणि स्कॉलरशिपला बसला होता. स्कॉलरशिप हुकली आणि त्यानंतर लीगही. तिसरा एक्सेलवाला. तो ऑडिटमध्ये आहे, कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा आकडा असतो, आणि आकडा आला की डब्यातली हवा जाते.

नवख्या माणसाला वाटेल की ही मंडळी रात्री झालेल्या मॅचबद्दल बोलत असतील. छे. रात्रीची मॅच मुंब्र्याचा डोंगर दिसायच्या आत निकालात निघते. "डिफेन्स होता का काल?" "कुठला डिफेन्स?" संपलं. नंतरचा तासभर प्रवास भूतकाळ आणि भविष्यकाळ यांच्यात होतो. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २६ वर्षं मॅनेजर होते, त्यांनी १३ लीग जिंकल्या, क्लबच्या एकूण २०. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. इथून पुढे कुणाचंच कुणाशी नाही.

फर्ग्युसननंतरची यादी मला येते. मोयस, सहा वर्षांचा करार देऊन आणला, एप्रिल २०१४ ला म्हणजे पहिल्याच मोसमात घरी. व्हॅन गाल, मे २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत नारळ. मौरिन्यो, डिसेंबर २०१८. सोल्शायर, नोव्हेंबर २०२१. टेन हाग, ऑक्टोबर २०२४. मग अमोरिम, त्यांच्या पहिल्याच मोसमात टीम पंधरावी. मधे मधे काळजीवाहू येऊन जातात, ते वेगळेच. माझ्या मुलाला मराठ्यांच्या इतिहासात सनावळी पाठ होत नाही म्हणून बायको ओरडत होती, मी मधे पडून म्हणालो, "रोज कुणी कानात ओरडलं की होते पाठ."

दर नवा मॅनेजर आला की काका एकच वाक्य काढतात: "फर्ग्युसनला सुद्धा वेळ दिला होता." ते १९८६ च्या नोव्हेंबरात आले, पहिला कप थेट १९९० ला. मधे लोकांनी स्टेडियममध्ये त्यांच्या नावाने बोटं मोडणारं फडकं फडकावलं होतं. "तेव्हा हाकललं असतं तर?" असं विचारून काका सगळ्यांकडे पाहतात. युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच, की हाच युक्तिवाद त्यांनी मोयससाठी केला, व्हॅन गालसाठी केला, आणि पुढे प्रत्येकासाठी. काकांच्या हिशेबाने चाललं असतं तर आज सहा मॅनेजर एकाच बाकावर बसले असते आणि सहावा चौथ्या सीटवर. पिंट्याचं धोरण उलटं. त्याला मॅनेजर तिसऱ्या हरलेल्या मॅचला नकोसा होतो. बिचाऱ्याने आयुष्यात हाकलणंच बघितलंय.

एकदा एक्सेलवाल्याने फोन वर केला. "१९६७ ला लीग जिंकली, त्यानंतर १९९३ ला. मधे २६ वर्षं. आता शेवटची २०१३. त्यात २६ मिळवा."

कुणीच मिळवेना. शेवटी मीच म्हणालो, "२०३९."

डब्यात शांतता. काकांनी मनातल्या मनात स्वतःचं वय काढलं असावं, कारण त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी आठवणीने त्याच वेळी घेतली.

मालकांचा विषय निघाला की आवाज वाढतो. ग्लेझर नावाच्या अमेरिकन कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. पिंट्या हे सांगताना थरथरतो. पण डब्यातल्या निम्म्या लोकांना यात गुन्हा कुठे झाला तेच कळत नाही. "आम्हीही फ्लॅट गहाण ठेवूनच फ्लॅट घेतला की," असं दारात लटकलेल्या एकाने आत मान घालून सांगितलं. त्यावर काकांनी बँकेच्या अधिकारवाणीने फरक समजावला: "तुमचे हप्ते तुम्ही भरता. ग्लेझरने हप्ते फ्लॅटला भरायला लावले." हे मात्र सगळ्यांना कळलं. त्या दिवशी डब्यात ग्लेझरबद्दल रागापेक्षा आदर जास्त दिसला. फ्लॅटने स्वतःचे हप्ते स्वतः फेडायचे, ही कल्पना डोंबिवलीत आधी कुणालाच कशी सुचली नाही?

नंतर ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ आले, त्यांनी पाव हिस्सा घेतला आणि खर्च कमी करायला सुरुवात केली. कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद केलं. हे ऐकून काका गंभीर झाले. त्यांच्या ब्रँचमध्येही चार वाजताचा चहा नुकताच बंद झालाय. त्या दिवसापासून मँचेस्टरच्या कारकुनांबद्दल त्यांना जे वाटतं ते मॅनेजरबद्दलही वाटत नाही.

पण खरा छळ १९९९ चा. तो घाटकोपरच्या आसपास सुरू होतो आणि त्यातून पळ काढता येत नाही. २६ मे १९९९. दिवसा क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये टाँटनला गांगुलीने १८३ मारले, द्रविडने १४५, दोघांची ३१८ ची भागीदारी. श्रीलंकेचा फडशा पाडून लालबागची अख्खी चाळ जेवून झोपली. काका तेव्हा चाळीत राहायचे. ते जागे राहिले, कारण आपल्याकडे सव्वाबारानंतर बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल सुरू होणार होती, युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. वडील त्याच खोलीत झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज बंद. सहाव्या मिनिटाला बायर्नचा गोल. नव्वद मिनिटं झाली तरी तेच. आणि मग भरपाईच्या वेळेत शेरिंगहॅमचा एक, सोल्शायरचा दुसरा. तीन कप एकाच मोसमात. ओरडायची सोय नव्हती, म्हणून काकांनी गोधडीचं टोक तोंडात कोंबलं.

इथे काका खरंच थांबतात, रुमाल काढतात आणि हलक्या हाताने ओठ टिपतात. गोधडीचा दोरा अजून दातात अडकलेला असावा.

पहिल्यांदा मी ही गोष्ट ऐकली तेव्हा खोलीत काका एकटे जागे होते. मग शेजारचा एक जण आला. हळूहळू गॅलरीतून बघणारे जमले. सध्याच्या आवृत्तीत दहा बाय बाराच्या त्या खोलीत उभं राहायला जागा नाही, आणि वडील जागे झालेत, शिवाय दुसरा गोल कोण करणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मिलमधून आयुष्यात एकदाही लवकर न सुटलेला तो माणूस. पण मी कधी हटकलं नाही. चौथ्या सीटवरून हटकता येत नाही.

पिंट्याला ही गोष्ट तोंडपाठ आहे आणि सहनही होत नाही. "काका, तुम्ही बघितलं तरी," असं तो एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाला. काकांनी त्याला उदार मनाने पूरक माहिती दिली: त्या फायनलनंतर चारच दिवसांनी त्याच शहरातली कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटी तिसऱ्या पातळीच्या लीगमधून वर चढायला जिलिंगहॅमशी झगडत होती, तीही पेनल्टीवर कशीबशी सुटली. हा काकांचा आवडता मुद्दा. सिटीने पुढे काय केलं हा मुद्दा ग्रुपमध्ये काढायचा नाही असा संकेत आहे.

ठाण्याला एक लिव्हरपूलवाला चढतो. त्या गर्दीत ठाण्याला चढणारा माणूस मुळातच सोशिक. तो ३० वर्षं, १९९० ते २०२०, लीगसाठी थांबला, आणि २०२५ मध्ये त्याच्या क्लबच्याही वीस लीग झाल्या. तो वाद घालत नाही. वरच्या कडीला लोंबकळत नुसता हसतो. "अजून तेरा-चौदा वर्षं काढा, सवय होते," असं एकदा म्हणाला, तेव्हा पिंट्याने त्याची बॅग रॅकवर ठेवायला नकार दिला.

मी एकदाच मधे बोललो होतो. म्हटलं, आपल्या मुंबईचीच टीम आहे ना, मुंबई सिटी? २०२०-२१ ला इंडियन सुपर लीगचं शील्ड आणि कप दोन्ही मारले, २०२४ ला परत कप, तोही कोलकात्यात मोहन बागानला हरवून. जिंकणारी टीम हवी तर ही घ्या की.

"कुठे खेळतात?" काकांनी विचारलं.

"अंधेरीला."

"वेस्टर्नला?" काकांचा चेहरा असा झाला की मला माझीच कीव आली. रविवारी मेगाब्लॉक, दादरला पूल चढा, पलीकडून पुन्हा लटका. डोंबिवलीहून मँचेस्टर जवळ पडतं, एका रिमोटच्या अंतरावर. त्यावर एक्सेलवाल्याने खिळा ठोकला: २०१९ मध्ये त्या टीमचा मोठा हिस्सा घेतला तो मँचेस्टर सिटीच्याच मालकांच्या ग्रुपने. तो हिस्सा तेव्हा त्यांच्याकडेच होता, म्हणजे आपल्या शहराला पाठिंबा द्यायचा तर शत्रूच्या तिजोरीत तिकिटाचे पैसे टाकायचे. विषय कुर्ला यायच्या आत बंद.

परवा मात्र नवलच झालं. गाडी कुर्ल्याच्या पुढे सिग्नलला अडकली होती. भविष्याची चर्चा चालू होती आणि पिंट्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो, टीमचं सोडा, ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छप्पर गळतंय." मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर छपरावरून धबधबा कोसळत होता, त्याचा व्हिडिओ त्याने दाखवला.

"टॉप फ्लोअरला लिकेज?" बाजूच्या बाकावरचा पेपरवाला पहिल्यांदाच आमच्याकडे वळला. गेली कित्येक वर्षं तो पेपरामागे आहे, मला त्याचं तोंड तेव्हा कळलं.

"बांधकाम कधीचं?"

"१९१०."

"मग काय! आमची ८६ ची इमारत, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, सी-वन, म्हणजे अतिधोकादायक निघाली. यांनी केलं का ऑडिट?"

"वॉटरप्रूफिंग करू नका म्हणावं, दोन पावसाळे टिकत नाही. पत्रे टाका."

"रिडेव्हलपमेंटच करतायत," पिंट्या म्हणाला. बोलायला नको होतं. टाळ थांबले. भजनाचे बुवा ढोलकी मांडीवर आडवी ठेवून वळले. "बिल्डर कोण?"

पुढची दहा मिनिटं फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारा अख्खा डबा मँचेस्टर युनायटेडच्या भवितव्यावर बोलत होता, आणि खरं सांगतो, इतकी अभ्यासू चर्चा मी त्या ग्रुपमध्ये कधी ऐकली नव्हती. मार्च २०२५ मध्ये योजना जाहीर झाली, जुन्याच्या शेजारी नवं स्टेडियम, एक लाख लोकांचं, तीन उंच खांब आणि वर भली मोठी छत्री. "आत्ताचे किती?" चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. "म्हणजे सेलेबल एरिया वाढवला." "जुने मेंबर आहेत त्यांना त्याच मजल्यावर जागा देणार का?" "कॉर्पस किती?" "ट्रान्झिटचं काय, काम चालू असताना खेळणार कुठे?"

इथे एक्सेलवाला उपयोगी पडला. १९४१ मध्ये बॉम्ब पडून ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालं, तेव्हा युनायटेडने महायुद्धानंतर १९४९ पर्यंत आपल्या घरच्या मॅच मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळल्या. भाडं भरून.

"शेजाऱ्याकडे? भाड्याने?" बुवांनी कपाळाला हात लावला. काका खिडकीबाहेर बघायला लागले. ही माहिती त्यांना असणारच, पण १९९९ च्या गोष्टीत तिला जागा नव्हती.

"आता सगळे भाग कारखान्यात बनवून आणून जोडणार आहेत," पिंट्याने घाईघाईने बाजू सावरली. "दहा वर्षांचं काम पाच वर्षांत होऊ शकतं, असं आर्किटेक्ट म्हणालाय."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग पेपरवाला हसला. त्याच्या मागून बुवा, मग दारातला लटकलेला, मग लिव्हरपूलवाला, मग काका सुद्धा. सिग्नल मिळून गाडी हलली तरी हसू थांबेना. "पाच वर्षं!" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते लोक. आमच्या डब्यात भजनवाले, युनायटेडवाले आणि उभे राहणारे यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पाहिलं.

एक्सेलवाला तेवढा हसला नाही. त्याने गुपचूप शीट उघडली, २०३९ खोडलं आणि २०४५ केलं.